गिरणगावची छाती : क्षय, इन्फ्लुएंझा आणि एका खोलीत काढलेली वर्षं

चिंचपोकळीकर

नमस्कार मंडळी. लालबाग-परळच्या चाळींवर या चर्चामंचावर भरपूर लिहून झालंय. गणपती, भजनी मंडळं, खानावळी, संप, गावकऱ्यांच्या खोल्या. एक विषय मात्र राहूनच जातो : ती माणसं कशाने गेली?

जुन्या कुटुंबांत विचारून बघा. पणजोबा "खोकून खोकून" गेले, त्यांचा भाऊ "तापात" गेला, एखादी आत्या "छातीने" गेली. नाव घेऊन आजार सांगितलेला फार क्वचित आढळतो. म्हणून १८९६ ते १९३० या काळातल्या गिरणगावच्या छातीच्या आजारांबद्दल मला जे वाचायला मिळालं ते मांडतोय. भर तुम्ही घालाल, खात्री आहे.

सुरुवात प्लेगपासूनच करावी लागते. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिले रुग्ण ओळखले. प्लेग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काखेतली गाठ येते. पण त्या साथीने शहराच्या मृत्यूनोंदीचंच रूप बदलून टाकलं. घरात प्लेगचा मृत्यू झाला असं कळलं की सोजीर, म्हणजे लष्करी शिपाई, दारात येत, सामान जाळलं जाई, बाकीच्यांना सेग्रिगेशन कँपात (विलगीकरण छावणीत) नेलं जाई. मग घरचे काय सांगणार? खोकला होता, जुना ताप होता, क्षय होता. बहुतेक मृत्यूंना डॉक्टरचा दाखला नसायचाच. नातेवाईक बोलतील ते कारकून लिहून घेई. त्यामुळे त्या वर्षांत "श्वसनाचे विकार", "क्षय" आणि "ताप" हे रकाने अचानक फुगलेले दिसतात. पालिकेच्या आरोग्य खात्यालाही त्याचा संशय होताच. आपण आज ते आकडे वाचतो तेव्हा त्यात लपवलेला प्लेग आहे आणि खराखुरा क्षयही आहे, दोन्ही एकात एक मिसळलेले.

खराखुरा क्षय मात्र भरपूर होता. १९०१च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ७ लाख ७६ हजार होती, तीही प्लेगला भिऊन लोक गावी पळाल्यामुळे उतरलेली. १९११मध्ये ती ९ लाख ७९ हजार झाली, १९२१मध्ये पावणेबारा लाख. ही वाढलेली माणसं कुठे मावली? १९११मध्ये शहरातली दोन तृतीयांशाहून जास्त माणसं एका खोलीच्या घरांत राहत होती. त्या खोलीला बहुधा एकच दार, ते मधल्या अंधाऱ्या वाटेत उघडणारं. मागच्या खिडकीबाहेर घरगल्ली, म्हणजे दोन चाळींमधली संडास-मोऱ्यांची चिंचोळी बोळ. तिथून येणाऱ्या वासामुळे खिडकी बंदच. चूल पेटली की धूर आत, रात्री थंडीच्या आणि चोराच्या भीतीने दारही बंद. अशा खोलीत एक जण खोकत असला की त्याने सोडलेली हवाच बाकीच्यांनी रात्रभर घ्यायची.

रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू १८८२मध्ये दाखवला होता. म्हणजे हा रोग माणसाकडून माणसाला होतो हे विसावं शतक उजाडताना डॉक्टरांना पक्कं ठाऊक होतं. मुंबईचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांना तर ते चांगलंच ठाऊक होतं. पण औषध नव्हतं. उपाय काय, तर मोकळी हवा, विश्रांती, दूध-अंडी. पैसेवाल्यांसाठी पाचगणी होती. १९१२मध्ये डॉ. बिलिमोरियांनी तिथे बेल-एअर सॅनेटोरियम, म्हणजे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम, काढलं. साचेवाल्याला, म्हणजे गिरणीत मागावर विणणाऱ्याला, विश्रांती म्हणजे खाडा, खाडा म्हणजे पगार कापला आणि जागेवर बदली कामगार उभा.

आणि मग १९१८. जूनमध्ये गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. १० जूनला त्यांतले सात जण इस्पितळात होते. पुढच्या काही दिवसांत गोदी, टपाल, गिरण्या सगळीकडे ताप पसरला. ही पहिली लाट तशी सौम्य होती. दुसरी सप्टेंबरात आली ती मारायलाच आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी शहरात इन्फ्लुएंझाच्या ७६८ मृत्यूंची नोंद झाली. एका दिवशी! त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, लढाईमुळे धान्य-कापड महाग झालं होतं, आणि दुष्काळी मुलखातून माणसं मुंबईकडे येत होती. उपाशी आणि दाटीवाटीने राहणारी.

टर्नरसाहेबांच्या खात्याने लोकांना काय सांगितलं? गर्दी टाळा, उघड्यावर झोपा, गुळण्या करा. सल्ला वाईट नव्हता. पण गिरणगावात उघड्यावर झोपायचं म्हणजे फुटपाथवर, आणि गर्दी टाळायची म्हणजे स्वतःच्या घरात शिरायचं नाही.

मला राहून राहून हेच वाटतं की गिरणगावच्या छातीचा इतिहास जंतूंइतकाच भिंतींचा, खिडक्यांचा आणि पगाराचा आहे. तेव्हाच्या काही अधिकाऱ्यांनाही ते उमगलं होतं. १८९८मध्ये नेमलेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने रस्ते फोडून समुद्राची हवा आत आणायची ठरवली, उजेडासाठी नियम केले. पुढे १९२०नंतर बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी आल्या. त्या प्रयत्नांचं काय झालं, त्यावर बोलूया. तुमच्या घरच्या आठवणीही येऊ द्या.

भोंगा

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. वडील एका गिरणीत ब्लोरूमला होते, काका कार्डिंगला, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात. मी स्वतः खात्यात गेलोय लहानपणी, डबा द्यायला.

ब्लोरूम म्हणजे जिथे कापसाची गाठ फोडून, झोडून साफ करतात ते पहिलं खातं. आत शिरलात की पहिल्यांदा काही दिसतच नाही. हवेत तूस तरंगत असतं, ऊन जिथून येतं तिथे त्याचा पट्टा दिसतो. वडिलांच्या भुवया, कानांवरचे केस, बनियनची शिवण, सगळं पांढरं. घरी आले की आई दारातच त्यांचे कपडे झटकायची. नंतर गुळाचा खडा. गुळाने घशातली धूळ उतरते असं सगळे मानायचे, गिरणीतही गूळ वाटायचे. धूळ फुप्फुसात गेलेली असते, ती गुळाने कशी उतरणार?

सोमवारची गोष्ट सांगतो. रविवारची सुट्टी करून सोमवारी कामावर गेलं की संध्याकाळी छाती आवळल्यासारखी व्हायची, दम लागायचा. मंगळवारी जरा बरं. आम्हाला वाटायचं सुट्टीत आळस भरतो म्हणून. हा कापसाच्या धुळीचा ठरलेला आजार आहे, बिसिनोसिस, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी त्रास होणं ही त्याची खूण आहे, हे वडील गेल्यावर कळलं. एकोणिसाव्या शतकातच युरोपात त्याला हे नाव मिळालं होतं. आपल्याकडे मात्र कित्येक वर्षं साहेब लोक म्हणत राहिले की हिंदुस्थानात हा आजार नाहीच. पुढे परळच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. कामतांनी मुंबईच्या गिरण्यांत पाहणी करून तो आहे हे दाखवलं. तोवर किती जणांच्या कागदावर "दमा" किंवा "क्षय" लिहिलं गेलं असेल.

आणि साचेखात्यात खिडक्या बंद का असायच्या ते सांगायला हवं. कोरड्या वाऱ्याने धागा तुटतो. म्हणून खिडक्या बंद ठेवायच्या, वरून वाफ सोडायची. आत दमट उकाडा, अंगावरचं धोतर भिजलेलं, आणि सुटल्यावर तसंच घामेजलेलं पावसात बाहेर. माझ्या आजोबांच्या पिढीत, १९०५च्या आसपास गिरण्यांत विजेचे दिवे आले तेव्हा चौदा-पंधरा तासांची पाळी चालायची. १९११च्या कायद्याने पुरुषांसाठी बारा तासांवर आणली.

समता_पथ

भोंगादादा, साचेखात्याचा विषय काढलात म्हणून लिहितो.

धोट्यात (मागावर आडवा धागा नेणारं साधन) नवी कांडी (सुताची गुंडाळी) बसवली की धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढावं लागतं. ते पटकन काढायचा उपाय म्हणजे धोट्याला तोंड लावायचं आणि श्वास आत ओढायचा. सुत ओठांवर येतं. दिवसात असं कितीदा करावं लागे याचा अंदाज साचेवाल्यालाच. त्या धोट्याला आधीच्या पाळीतल्या माणसाचं तोंड लागलेलं असे, आणि ओढलेल्या श्वासाबरोबर तूसही आत जाई. क्षय एकाकडून दुसऱ्याकडे जायला याहून जवळची वाट कुठली? विलायतेतही या पद्धतीविरुद्ध डॉक्टरांनी आवाज उठवला होता.

आपल्याकडे मात्र धोट्यावरून बोट भलतीकडेच दाखवलं गेलं. तोंडाने ओढलेल्या सुताला विटाळ होतो म्हणून अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात घ्यायचंच नाही, हा मुंबईच्या गिरण्यांतला रिवाज. साचेखातं म्हणजे जास्त पगाराचं. आमच्या लोकांना त्रासनखातं (सूतकताई), झाडलोट, कमी पगाराची कामं. १९२८च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला तो उगाच नाही. रोगाची भीती कुणी घातली नाही, विटाळाची घातली.

आता मूळ लेखातल्या १९१८च्या साथीकडे या. त्या वेळच्या सरकारी वर्गवारीत "खालच्या जातीचे हिंदू" असा वेगळा रकाना होता. मुंबईत त्या रकान्यातलं इन्फ्लुएंझाच्या मृत्यूंचं प्रमाण हजारी ६१.६. इतर हिंदू आणि मुसलमानांमध्ये हजारी १९च्या आसपास. पारशांमध्ये ९, युरोपियनांत ८.३. शहर एक, हवा एक, महिना एक. हा फरक विषाणूने केलेला नाही. कोण कुठल्या खोलीत राहत होता, पोटात काय होतं, पाणी कुणी द्यायचं, दवाखान्याच्या पायरीवर कुणाला उभं करायचं, त्याचा हा हिशोब आहे.

बाबासाहेब स्वतः परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत कित्येक वर्षं राहिले. तेव्हा या चाळींची हवा त्यांना पुस्तकातून कळलेली नव्हती.

डॉ_निशिगंध

वाचतेय. समता_पथ, ते आकडे आमच्या शिकवणीत यायला हवे होते, आले नाहीत.

वैद्यकीय बाजूने थोडी भर घालते. "श्वसनाचे विकार" या एका रकान्यात किमान चार वेगळे रोग कोंबलेले होते. फुप्फुसाचा क्षय. न्यूमोनिया, जो लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना नेई. धुळीचा आणि धुराचा जुनाट खोकला. आणि फुप्फुसाचा प्लेग. हा शेवटचा प्रकार मुंबईतच नीट ओळखला गेला. डॉ. चाइल्ड यांनी १८९७मध्ये शवविच्छेदनांतून दाखवलं की काही रुग्णांना गाठ येतच नाही, प्लेग थेट फुप्फुसात उतरतो. म्हणजे वरवर न्यूमोनिया दिसणारा, पण खोकल्यातून पसरणारा प्लेग.

१९१८ला डॉक्टरही चाचपडतच होते. इन्फ्लुएंझा एका जिवाणूमुळे होतो अशी तेव्हा समजूत होती. माणसातला विषाणू वेगळा काढता आला १९३३मध्ये. मारणारा बहुतेकदा नंतरचा न्यूमोनिया होता, आणि त्यावर सल्फा औषधं यायला १९३०चं दशक उजाडलं, पेनिसिलिन त्यानंतर.

चिंचपोकळीकर, एका मुद्द्यावर मात्र माझं मत वेगळं आहे. भिंती-खिडक्यांचा हिशोब मान्य, पण क्षयाने मरणं थांबवलं ते औषधांनी. स्ट्रेप्टोमायसिन १९४३मध्ये सापडलं. पुढे १९५६पासून मद्रासमध्ये एक मोठी चाचणी झाली. अर्धे रुग्ण सॅनेटोरियममध्ये, अर्धे आपापल्या दाटीवाटीच्या घरात, जेवणही बेताचंच. औषधं नियमित मिळाली तर घरच्या रुग्णांचा गुण सॅनेटोरियमइतकाच आला. घरातल्या इतरांनाही त्यामुळे जास्त धोका झाला नाही. त्या निकालाने जगभर सॅनेटोरियमं ओस पडली. म्हणून आजचा पैसा कुठे लावायचा हा प्रश्न आला की मी आधी निदान आणि औषध म्हणेन.

चिंचपोकळीकर

डॉक्टर, फार महत्त्वाचं लिहिलंत. मद्रासच्या चाचणीचा निकाल औषध सुरू झाल्यानंतरचा आहे ना? गोळ्या सुरू झाल्या की काही दिवसांत रुग्णाकडून होणारा संसर्ग झपाट्याने कमी होतो. माझा प्रश्न त्याआधीच्या महिन्यांचा आहे. खोकला सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत माणूस कुठे झोपतो? तिथे खोलीच कामाला येते किंवा घात करते. १९२०मध्ये तर हा "आधीचा" काळ मरेपर्यंत चालायचा.

डॉ_निशिगंध

हो, हे बरोबर आहे. जंतू खोकल्याच्या अतिसूक्ष्म थेंबांतून हवेत तासन् तास तरंगतात. हवा खेळती असेल तर ते विरळ होतात, ऊन लागलं तर मरतात. निदान उशिरा होणं आजही आमची मोठी अडचण आहे. शिवडीच्या क्षय रुग्णालयात अनेक औषधांना दाद न देणारा क्षय घेऊन येणारी मुलं-मुली बघितली की, घरात आणखी कुणाला खोकला आहे का, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

रानवारा

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात. मुंबईच्या नोंदीत न आलेल्या मृत्यूंबद्दल कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहितो.

गिरणीतला चाकरमानी खोकायला लागला, रक्त पडायला लागलं, कामावर उभं राहवेना, की त्याची गावकरी मंडळी वर्गणी काढून त्याला बोटीत बसवून देत. भाऊच्या धक्क्यावरून बोट, मग खाडीतून होडी, मग डोली. गावी आला की पडवीत खाट टाकायची. सहा महिने, वर्ष. मग संपला. मुंबईच्या पुस्तकात तो "गावी गेला". गावच्या पाटलाच्या नोंदीत "ताप". क्षय कुठेच नाही. घाटावरची माणसं रेल्वेने सातारा-कऱ्हाडला जात, तिथेही हेच.

पण जाताना तो रोग घेऊन जाई. आमच्या वाडीत एका घरातले तिघे भाऊ पाठोपाठ गेले, असं आजी सांगायची. थोरला गिरणीत होता, धाकट्या दोघांनी मुंबई पाहिलीच नव्हती. त्यांनी थोरल्याची सेवा केली होती, त्याच्या शेजारी झोपले होते. त्या घराची मनीऑर्डर बंद झाली ती झालीच. जमीन गहाण पडली.

म्हणून मुंबईतल्या क्षयाच्या मृत्यूंचे जुने आकडे वाचताना हे धरून चालायला हवं की कमावत्या वयाच्या पुरुषांचा मोठा हिस्सा त्यात नाहीच. शहराने त्यांची उमेदीची वर्षं घेतली आणि मरण गावाच्या वाट्याला दिलं.

काळाचौकीची

रानवारा, अगदी खरं. आमच्याकडेही अशीच खाट पडवीत होती.

बायकांबद्दल लिहू का? सगळी चर्चा साचेवाल्यांची चाललीय. १९१८च्या साथीत तरुण माणसं जास्त गेली आणि बायका पुरुषांपेक्षा जास्त गेल्या. घरात सगळे तापाने फणफणलेले असताना पाणी कुणी भरलं, पेज कुणी शिजवली, उशाशी कोण बसलं? स्वतःला ताप असताना उभी राहिलेली बाई न्यूमोनियापर्यंत किती लवकर पोचत असेल.

माझी पणजी खानावळ चालवायची. एका खोलीत पंधरा-वीस पुरुषांचं दोन वेळचं जेवण. मातीची चूल, लाकडं, शेणी, पावसाळ्यात ओली लाकडं. भाकऱ्यांची परात संपेपर्यंत ती धुरातून उठायची नाही. फुंकणीने फुंकताना तोंड चुलीच्या जवळ, धूर थेट आत. म्हातारपणी तिच्या छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज यायचा, असं आई सांगते. तिने विडी कधी ओढली नाही, गिरणीत पाऊल ठेवलं नाही, तरी फुप्फुसं गेली. चुलीच्या धुराचा हा आजार आज सगळे मानतात. तेव्हा बाईचं खोकणं कुणी मोजलंच नाही.

गिरणीत जाणाऱ्या बायका वाइंडिंगला (सूत गुंडाळायच्या खात्यात) असत, नाईकिणीच्या, म्हणजे बाई मुकादमाच्या, हाताखाली. तान्हं मूल घरी ठेवायचं तर त्याला बाळगोळी, म्हणजे अफू. ती दिली की मूल दिवसभर निजून राही. १९२२च्या सुमारास डॉ. बार्न्स नावाच्या बाईंनी गिरणीतल्या बायकांची पाहणी केली, त्यात ही अफू जवळपास सगळ्या घरांत सापडली. अफूने खोकल्याची उबळ दबते, श्वास मंदावतो. न्यूमोनिया झालेल्या पोराला खोकूही द्यायचं नाही, असंच ते. आयांना दोष देऊ नका. पाळणाघर नव्हतं, आणि कामावर न जावं तर चूल पेटत नव्हती.

१९२१मध्ये एका खोलीच्या घरांतलं बालमृत्यूचं प्रमाण हजार जन्मांमागे ८२८ नोंदलं गेलं. हा आकडा वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात, त्यामुळे जन्माची नोंद गावी आणि मृत्यूची मुंबईत, म्हणून तो फुगलेला आहे हे खरं. फुगवटा काढला तरी जे उरतं ते सहन होण्यासारखं नाही.

लाडू_सम्राट

वाचतोय. फार मोलाचा धागा. +१

दादरकर_नाना

चांगली चर्चा. पण इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचं कौतुक जपून करा. ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड काढले, दादर-माटुंग्याची आखणी केली, हे उत्तम काम. पण रस्त्यासाठी पाडलेल्या घरांतले गरीब कुठे गेले? नव्या चाळी पाडलेल्या घरांच्या मानाने फार कमी आणि फार उशिरा बांधल्या. माणसं उठली आणि शेजारच्या चाळीत घुसली. तिथे आधी चार होती, आता सहा झाली. भाडं वाढलं. म्हणजे एका गल्लीत हवा आणली आणि पुढच्या गल्लीत कोंडली. दादर-माटुंग्याच्या मोकळ्या हवेत राहायला गेलो आम्ही पांढरपेशे. माझे आजोबा कारकून होते, त्यांना ती जागा परवडली. साचेवाल्याला नाही परवडली.

आणि थुंकण्याबद्दल कुणीच बोललं नाही. जिन्याचा कोपरा तांबडा असेल तर खिडकी उघडून काय होणार?

समता_पथ

नाना, ट्रस्टबद्दल सहमत. थुंकणं वाईटच. पण तेव्हाच्या अहवालांत कामगारांच्या सवयींवर जेवढी शाई खर्च झाली तेवढी मालकांच्या खिडक्यांवर झाली नाही. एका मजल्यावर वीस खोल्या आणि टोकाला सामाईक नळ-संडास, तिथे पिकदाणी कुठे ठेवायची आणि कुणी धुवायची? आजार सवयीचा ठरवला की भाडं घेणारा मोकळा.

वास्तुवेडा

मी नगररचनेत काम करतो. "उजेडासाठी नियम" एवढ्यावर मूळ लेख थांबलाय, तो नियम समजावून सांगतो. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत कामाची गोष्ट ती आहे.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१०च्या दशकात साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. तळमजल्यावरच्या खोलीच्या खिडकीपाशी, भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत एक रेघ ओढा. तिचा जमिनीशी कोन ६३½ अंशांपेक्षा जास्त नसावा. सोप्या भाषेत, समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मी तरी जागा दोघींच्या मध्ये मोकळी हवी. ४० फूट उंचीला २० फूट. एवढी जागा असली तर खालच्या खोलीतही आकाशाचा तुकडा दिसतो, उजेड येतो, हवा हलते. घरगल्लीला हे माप लावलं की ती कुठेच टिकत नाही. ऑर यांचं म्हणणं होतं की अंधाऱ्या खोल्या हेच क्षयाचं घर, आणि त्या मोजून काढता येतात.

मग १९२०ची बीडीडी, गव्हर्नर लॉइड यांच्या काळातली. पैसा कापसाच्या गाठीमागे एक रुपया जकात बसवून उभा केला. वरळी १२१, नायगाव ४२, डिलाईल रोड ३२, शिवडी १२, मिळून २०७ चाळी. तळमजला अधिक तीन, मधून वाट, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या. दोन चाळींमधलं अंतर चांगलं ठेवलं, त्याचं श्रेय द्यायला हवं. आतली मांडणी मात्र तीच जुनी, मधली वाट काळोखी. भाडं जास्त आणि सोयी अपुऱ्या म्हणून सुरुवातीला कित्येक खोल्या रिकाम्या राहिल्या, वरळीच्या चाळी तर सत्याग्रहींना डांबायला तुरुंग म्हणून वापरल्या.

आता हे वाचा. गोवंडी-मानखुर्दला, नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड इथे प्रकल्पग्रस्तांसाठी सात-आठ मजली इमारती बांधल्या. मधलं अंतर काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर, म्हणजे दहा फूट. ऑर यांच्या हिशोबाने ७० फूट उंचीला ३५ फूट लागले असते. २०१८मध्ये तिथे पाहणी झाली. खालच्या मजल्यांवर, जिथे ऊन पोचत नाही, तिथे क्षयाचे रुग्ण जास्त आढळले. शंभर वर्षांपूर्वी मुंबईतच मोजून ठेवलेली गोष्ट आपण मुंबईतच गरिबांसाठी घरं बांधताना बाजूला ठेवली. पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेत सवलत मिळते, ती सवलत कुणाच्या छातीतून वसूल होते ते या पाहणीत दिसतं.

डॉ_निशिगंध

वास्तुवेडा, तिथल्या रुग्णांना मी भेटले आहे. दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट लावलेली घरं. औषध आधी हे माझं मत कायम आहे, पण त्याच खोलीत त्याच घरातला दुसरा रुग्ण सापडला की आधी आणि नंतर असं करून चालत नाही.

काळाचौकीची

आमची चाळ पुनर्विकासाला गेलीय. नकाशे आलेत, सगळे चौरस फूट आणि पार्किंग बघताहेत. हा कोन घरच्या घरी तपासता येतो का?

वास्तुवेडा

येतो, ताई. नकाशावर दोन आकडे शोधा : समोरच्या इमारतीची एकूण उंची आणि दोन इमारतींमधलं मोकळं अंतर. अंतर उंचीच्या निम्म्याहून कमी असेल तर नियम मोडलाच. पोडियमवर (पार्किंगच्या खालच्या मजल्यांवर) इमारत असेल तर उंची पोडियमपासून मोजा, कारण पहिली राहती खोली तिथे सुरू होते. बांधून झालेल्या इमारतीत सगळ्यांत खालच्या घरात खिडकीशी बसा, मोबाइलमधलं कोन मोजायचं अ‍ॅप उघडा आणि मोबाइलची कड समोरच्या गच्चीच्या कठड्यावर रोखा. आजचा कायदा हा जुना कोन मागत नाही, त्यामुळे बिल्डर "परवानगी आहे" म्हणेल. तरी सभेत हा प्रश्न लेखी द्या. मधल्या वाटेला दोन्ही टोकांना उघडी खिडकी आहे का, स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये (इमारतीतल्या बंदिस्त पोकळीत) उघडते की बाहेर, हेही विचारा. डक्टमध्ये उघडणारी खिडकी ही जुनी घरगल्लीच समजा.

भोंगा

आमच्या पुनर्विकसित इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बहीण राहते, तिच्याकडे आत्ताच मोजून आलो. कोन ७८ अंश येतोय. तिच्या सासूबाईंना दोन महिन्यांपासून खोकला आहे, हवा बदलली म्हणून असेल असं सगळे म्हणत होते. डॉक्टर, थुंकी तपासायला कुठे न्यायचं?

डॉ_निशिगंध

दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे तपासायचाच. जवळच्या पालिका दवाखान्यात न्या, थुंकीची तपासणी आणि औषधं दोन्ही फुकट आहेत. सकाळी उठल्या उठल्या, छातीतून आलेला बेडका हवा, नुसती लाळ नको. छातीचा एक्स-रेही काढून घ्या. घरात लहान मूल असेल तर त्यालाही दाखवा. आणि निकाल येईपर्यंत त्यांची खाट ज्या खिडकीतून सगळ्यांत जास्त वारा येतो तिथे हलवा.

भोंगा

बहिणीची नात चार वर्षांची आहे, या पणजीजवळच झोपते. उद्या दोघींनाही घेऊन जातो.

चिंचपोकळीकर

भोंगा, इथे नक्की कळवा. काळाचौकीची ताई, नकाशावरची उंची आणि अंतर मला निरोप करून पाठवा, वास्तुवेडा आणि मी मिळून सभेसाठी एक पानभर मराठी निवेदन तयार करून देतो. ज्यांच्या चाळींचे नकाशे सध्या फिरताहेत त्यांनीही हे दोन आकडे इथेच लिहा.